नऊ वाजून बारा मिनिटं : अपोलो ११च्या देखाव्याचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका शाळेला २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी चंद्रावर उतरण्याचा देखावा हवा होता. जागा आधीच ठरलेली होती. करंडक ठेवायचं जुनं सागवानी काचकपाट रिकामं करून मिळणार होतं, आतून ९० सेंटीमीटर लांब, ६० खोल आणि ४५ उंच. देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी असलेल्या त्या कपाटाला करवत लावायची नाही, अशी अट होती. पुढे या कपाटानेच निम्मे निर्णय घेतले, म्हणून मापं सुरुवातीलाच सांगितली.

काम आमच्याकडे आलं. आम्ही म्हणजे स्केल मॉडेलं करणारे दोघं-तिघं हौशी आणि गणेशोत्सवाचे देखावे उभारण्यात आयुष्य घालवलेले एक कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. शाळेकडून दोन माणसं बोलत होती आणि दोघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या. संस्थेच्या विश्वस्तांना यान उतरताना खाली लाल जाळ, झेंडा, दोन अंतराळवीर, लेसरचा आरसा, मागे क्षितिजावर निळी पृथ्वी आणि जमलं तर शेजारी आपल्या चंद्रयान-३चं ‘विक्रम’ यानही हवं होतं. विज्ञानाच्या मॅडमची मागणी एकच. ‘मुलं काहीही विचारतील. तुमच्या देखाव्यात जे दिसतंय त्याचं उत्तर देताना मला “ते तसं नव्हतं बरं का” म्हणायला लागू नये.’

विक्रमचा विषय एका बैठकीत मिटला. अपोलो ११चं ‘ईगल’ चंद्राच्या विषुववृत्ताला अगदी लागून, शांतिसागरात उतरलं. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ला उतरला तो जवळजवळ ६९ अंश दक्षिणेला. दोन्ही जागांमधलं अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. आम्ही १:४८ प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा भाग, धरलं होतं, त्या हिशोबाने ते साधारण ४४ किलोमीटर भरतं, म्हणजे एक यान शाळेत ठेवलं तर दुसरं मावळात कुठेतरी. विश्वस्त हसले आणि विक्रमसाठी वेगळं कपाट देईन म्हणाले. ते अजून यायचंय.

दोघांतून अपोलो निवडायचं कारण देशाभिमानाच्या आड येणारं नव्हतं. अपोलो ११च्या चांद्रपदभ्रमणाचं मिनिटामिनिटाचं दप्तर आहे. बोलणं ध्वनिमुद्रित आहे, दूरचित्रवाणीचं चित्रण आहे, हॅसलब्लाड कॅमेऱ्याचे क्रमांक घातलेले फोटो आहेत, आणि त्यांवरून कोण कधी कुठे उभं होतं याचे नकाशे काढलेले आहेत. देखावा करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. पण अडचणही तीच. इतकं माहीत असताना ‘साधारण असं होतं’ म्हणून सुटता येत नाही.

मिनिट कोणतं?

मॉडेल करणारे लोक प्रमाण ठरवतात, किट ठरवतात, रंग ठरवतात, आणि वेळ ठरवायची विसरतात. मग झेंडा रोवलेला, पण झेंड्यापर्यंत जाणारं एकही पाऊल नाही. किंवा यानाच्या चारही बाजूंना ठसेच ठसे, आणि पहिला माणूस अजून शिडीवर. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, ते गोड दिसतं, कारण तिथे कुणी मोजायला बसलेलं नसतं. इथे मॅडम बसल्या होत्या.

म्हणून घड्याळ पुढ्यात घेतलं. ईगल टेकलं ते भारतीय वेळेप्रमाणे २१ जुलै १९६९च्या पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी. आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल सकाळी ८:२६ला. सुमारे वीस मिनिटांनी ऑल्ड्रिन खाली आला. मग शिडीच्या पायावरच्या पाटीचं वाचन झालं, यानाच्या कडेच्या कप्प्यातला टीव्ही कॅमेरा काढून १८ मीटरवर तिवईवर नेऊन ठेवला गेला, सौर वाऱ्याचे, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणारे, कण पकडायला स्विस शास्त्रज्ञांनी दिलेली ॲल्युमिनियमची पट्टी उभी राहिली, आणि नवाच्या पुढे दहा-बारा मिनिटांनी झेंडा. ९:१८च्या सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा फोन. भूकंपमापक आणि लेसर परावर्तक, म्हणजे पृथ्वीवरून आलेला लेसर परत पाठवणारा तो विश्वस्तांचा आरसा, बाहेर निघाले ते त्यानंतर बऱ्याच वेळाने.

विश्वस्तांची पहिली पसंती उतरण्याच्या क्षणाला होती. जाळाचं सांगून टाकलं, की त्या इंजिनाची ज्वाला निर्वातात जवळजवळ दिसतच नाही. लाल बल्ब लावला तर पहिलीच गोष्ट खोटी. हे त्यांनी नाइलाजाने मान्य केलं. पण उतरण्याचा क्षण बाद झाला तो जाळामुळे नाही, सावलीमुळे.

नासाने उतरण्याची वेळ मुद्दाम सकाळची, चंद्रावरची सकाळ, निवडली होती. सूर्य क्षितिजाजवळ असला की लांब सावल्या पडतात आणि खड्डे-दगड वैमानिकाला ओळखू येतात. ईगल टेकलं तेव्हा सूर्य जेमतेम १०.८ अंश वर होता. यान सुमारे ७ मीटर उंच, आपल्या प्रमाणात १४.६ सेंटीमीटर. त्या कोनात सावली उंचीच्या सव्वापाचपट पडते, म्हणजे ७६ सेंटीमीटर. पायांच्या पसाऱ्याला, म्हणजे समोरासमोरच्या दोन पायांमधल्या ९.४ मीटरला, साडेएकोणीस सेंटीमीटर लागतात. पूर्वेला थोडी जमीन राखून यान त्या टोकाकडे सरकवलं तरी मध्यापासून पश्चिमेच्या काचेपर्यंत ६८ सेंटीमीटरच उरत होते. सावली काचेवर चढली असती.

चंद्रावर सूर्य तासाला साधारण अर्धा अंश वर सरकतो. सात-साडेसात तासांनी, झेंड्याच्या वेळी, तो साडेचौदा अंशांवर होता. यानाची सावली तेव्हा ५६ सेंटीमीटर. कपाटात मावते, आणि पुढे चंद्राची उन्हातली जमीनही थोडी उरते. तिथे निर्णय झाला : भारतीय वेळ सकाळचे ९ वाजून १२ मिनिटं, ऑल्ड्रिन झेंड्याला सलाम करतोय आणि आर्मस्ट्राँग फोटो काढतोय. नासाच्या यादीत तो फोटो एएस११-४०-५८७४ या क्रमांकाने आहे.

विश्वस्त यावर इतके खूश होतील असं वाटलं नव्हतं. त्यांचं कारण वेगळं होतं. १९६९मध्ये भारतात दूरदर्शन फक्त दिल्लीत होतं. मुंबईत ते १९७२ला आलं. इकडे ती सकाळ लोकांनी रेडिओवर ऐकली आणि चित्र पाहिलं ते पुढे छापून आल्यावर. त्या ऑक्टोबरात तिघे अंतराळवीर मुंबईला आले तेव्हा हे शाळकरी वयाचे होते, वडिलांच्या खांद्यावरून गर्दी पाहिलेली. ‘मला तो सलामच आठवतो हो,’ म्हणाले. मग जाळ, आरसा, सगळं सोडायला तयार झाले. फक्त पृथ्वी सोडेनात.

एकदा मिनिट ठरलं की वादाचे बाकी मुद्दे आपोआप निकालात निघत गेले. लेसर परावर्तक? ९:१२ला तो अजून यानाच्या मागच्या कप्प्यात बंद होता. (शिवाय तो नंतर ठेवला गेला तो दक्षिणेला १७ मीटरच्या आसपास, म्हणजे आपले ३५ सेंटीमीटर. यान मध्यावर ठेवल्यावर मागची भिंत ३० सेंटीमीटरवर येत होती.) सौर वाऱ्याची पट्टी? हवीच, नुकतीच उभी केलेली. टीव्ही कॅमेरा यानावर नाही, वायव्येला तिवईवर. आणि यानाखाली एक पांढरी पिशवी. आर्मस्ट्राँग उतरण्याआधी यानातला कचरा भरून ती बाहेर टाकली होती, आणि त्याने खाली काढलेल्या पहिल्याच फोटोत ती दिसते. चंद्रावर उभं राहून माणसाने काढलेला पहिला फोटो आणि त्यात कचऱ्याची पिशवी. मामांना ही पिशवी फार आवडली. ती त्यांनी स्वतः केली, टिश्यू पेपर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून.

जमीन

किटबरोबर मिळणारा चंद्राचा प्लॅस्टिक तळ आम्ही वापरला नाही. अशा तळांवरची विवरं भोकासारखी खोल आणि कडा धारदार असतात. ताज्या, साध्या विवराची खोली व्यासाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि शांतिसागरातल्या लहान विवरांवर तर कोट्यवधी वर्षं बारीक उल्कांचा मारा झालेला आहे. ती बसकी, कडा झिजलेली. आमच्यातला एक जण लोणारला जाऊन आला होता. बेसॉल्टमध्ये झालेल्या पृथ्वीवरच्या मोजक्या आघात-विवरांपैकी ते एक. काठावर उभं राहिलं की कळतं, विवराला काठ असतो, आणि तो भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असतो. आत दबलेलं आणि बाहेर फेकलेलं, दोन्ही मिळून विवर. मामांनी फोमवर चमच्याच्या पाठीने दाबून आणि भोवती पीओपीचा पातळ कठडा चढवून पहिलं विवर केलं, ते पाहिल्यावर बाकीच्यांना समजावून सांगायची गरज उरली नाही.

तळ प्लायवुडचा, वर ५० मिलिमीटर जाडीचा निळा एक्सपीएस, म्हणजे मणी नसलेला दाट, फोम. थर्माकोल घेतला नाही, कारण त्याचे मणी दिसतात आणि कापताना कडा फुटतात. फोमवर पीओपीचा पातळ हात. मागची, म्हणजे दक्षिणेची कड दोन सेंटीमीटर उचलून घेतली. चंद्र लहान, त्यामुळे उभ्या माणसाला क्षितिज अडीच किलोमीटरच्या आतच दिसतं. तरी १:४८ मध्ये ते ४९ मीटर होतं, कपाटात यायचं नाही. कड उंचावली की तिच्यामागे काळा मखमली पडदा उतरवता येतो आणि जोड दिसत नाही.

मातीसाठी धावाधाव करावी लागली नाही. शांतिसागराचा खडक बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाही बेसॉल्ट. चंद्रावरच्या त्या खडकात टायटॅनियम फार जास्त आहे, वय कितीतरी अधिक आहे, पण जात तीच. (विक्रमचा देखावा करायचा झाला तर हे चालणार नाही. दक्षिणेकडचा तो उंचवट्याचा प्रदेश ॲनॉर्थोसाइट या फिक्या खडकाचा. इस्रोने चाचण्यांसाठी कृत्रिम चांद्रमाती केली ती तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा दगड दळून.) खडी क्रशरवरून दगडाची भुकटी आणली. क्रशरवाल्याला कशाला हवी ते सांगितल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत.

आता कणाचा आकार. क्रशरच्या भुकटीतला एक मिलिमीटरचा कण १:४८ मध्ये पाच सेंटीमीटरचा धोंडा होतो. तशी भुकटी पसरली तर चंद्र नाही, खडी टाकलेला रस्ता दिसतो. म्हणून भुकटी आधी मैद्याच्या चाळणीने, मग धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ केली. चाळणीवर उरलेली जाड कच दगड म्हणून निवडून ठेवली. हे काम बाहेर, मास्क लावून, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी वस्तू नाही. मुलांना या कामातून वगळलं.

वस्त्रगाळ केल्यावर रंगाचा घोळ समोर आला. काळाभोर दिसणारा आपला दगड बारीक दळला की फिका, निळसर राखाडी होतो. चंद्राची माती बारीक असूनही गडद राहते, कारण सौर वारा आणि सूक्ष्म उल्का यांनी तिच्या कणांवर लोहाचा अतिसूक्ष्म लेप चढलेला असतो. शांतिसागरासारखी मैदानं पडलेल्या उजेडाचा जेमतेम सात-आठ टक्के भाग परत पाठवतात, डांबरी रस्त्याच्या आसपास. तेव्हा भुकटीत काळं ॲक्रिलिक आणि चिमूटभर तपकिरी. तपकिरी अगदी थोडं, कारण चंद्रावरचा करडा रंग निळ्याकडे नाही, मातकटाकडे झुकतो. जमिनीवर आधी पातळ फेव्हिकॉल, मग चाळणीने भुकटी, मग वरून पाणी-फेव्हिकॉल-साबणाच्या थेंबाचा फवारा. पुण्याच्या जुलैत यातलं काही वेळेवर वाळेल ही अपेक्षा ठेवू नये. मामांनी हॅलोजन लावून दोन बाजूंनी ऊब दिली.

यानाखाली खड्डा नाही. उतरत्या इंजिनाने एवढी धूळ उडवली तरी आर्मस्ट्राँगला खाली विवर दिसलं नाही. इंजिनाच्या नळकांड्याखाली फूटभर मोकळी जागा होती, इथे सहा मिलिमीटर. फक्त वरची सैल धूळ झाडल्यासारखी गेलेली आणि मध्यापासून बाहेर जाणारे फिके पट्टे. ते कोरड्या कुंचल्याने, एकाच दिशेने. पायांच्या ताटल्या मऊ मातीत खोल रुतवायचा मोह होतो. प्रत्यक्षात त्या एखाद-दोन इंच रुतल्या होत्या, म्हणजे आपल्याकडे मिलिमीटरच्या आत-बाहेर. शिवाय यान सपाट उभं नव्हतं, साडेचार अंश कललेलं होतं. हा कल दिला आणि यानाला एकदम वजन आलं. सरळ उभं असताना ते टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखं दिसत होतं.

यान

यानाबद्दल थोडक्यात, कारण किट नीट जोडणं ही मॉडेल करणाऱ्याची रोजचीच गोष्ट. तीन जागी मात्र सावध राहावं लागलं.

पहिली म्हणजे सोनं. लोक अख्खं यान सोनेरी करतात. सोनेरी होता तो खालचा भाग आणि पायांवरची गुंडाळी, तीही सगळीकडे नाही, मध्ये काळे आणि रुपेरी पत्रे. वरचा भाग राखाडी आणि काळा. सोनेरी दिसणारी वस्तू म्हणजे मागून ॲल्युमिनियमचा लेप दिलेली पॉलिइमाइड या प्लॅस्टिकची पातळ फिल्म. फिल्म स्वतः पिवळसर, मागची चांदी तिच्यातून चमकते, म्हणून सोनं. मामांनी अर्थातच बेगड काढली. बेगड फार चकाकते आणि तिचा पिवळा हळदीकडे जातो. बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीवाले जी मधाच्या रंगाची कॅप्टॉन टेप वापरतात ती खरोखर त्याच जातीची फिल्म आहे. चुरगळून सपाट केलेल्या ॲल्युमिनियम फॉइलवर ती चिकटवली, मग कापून पॅनेलवर. मामा बराच वेळ दोन्ही तुकडे उन्हात धरून बघत होते. ‘बेगड गणपतीला ठेवू,’ म्हणाले.

दुसरी जागा, पायांखालच्या काड्या. टेकताना जमिनीला आधी स्पर्श करणाऱ्या या पावणेदोन मीटरच्या संवेदक काड्या चारपैकी तीनच पायांना होत्या. शिडीच्या पायाची काढून टाकलेली होती, उतरणाऱ्याला ती लागू नये म्हणून. उरलेल्या तीन टेकल्यावर वाकून ताटल्यांच्या कडेला पडलेल्या. बारीक तांब्याची तार गरम करून हव्या तशा वाकवल्या.

तिसरी, अंतराळवीरांच्या पोशाखावरचे लाल पट्टे. कमांडर ओळखू यावा म्हणून ते आले अपोलो १३पासून. अपोलो ११वर दोघेही पांढरे. म्हणजे पुतळ्यावरून कोण कोण ते ओळखायचं कसं, तर कामावरून : कॅमेरा ज्याच्या छातीवर तो आर्मस्ट्राँग. बहुतेक वेळ कॅमेरा त्याच्याकडेच असल्याने चंद्रावरच्या बहुतेक फोटोंत ऑल्ड्रिनच आहे, हे मुलांना सांगायला मॅडमना फार उपयोगी पडलं.

झेंडा तीन फूट बाय पाच फूट, आपल्याकडे १.९ बाय ३.२ सेंटीमीटर. वरच्या आडव्या दांडीवर तो टांगलेला होता, आणि ती दुर्बिणीसारखी उघडणारी दांडी पूर्ण ताणली गेली नाही, म्हणून कापडाला चुण्या. वाऱ्याच्या नाहीत. फॉइलवर छापील झेंडा चिकटवून चुण्या पक्क्या केल्या. यानाच्या मध्यापासून तो १७ सेंटीमीटरवर, सावलीच्या बाहेर. इतका जवळ, की नंतर यान वर निघताना झोताने तो पडल्याचं ऑल्ड्रिनने पाहिलं. पुढच्या मोहिमांत झेंडे लांब रोवले गेले.

पावलं

ठसे शेवटी. बुटाचा ठसा १:४८ मध्ये सात मिलिमीटर. शिडीजवळ बूट जेमतेम इंचाचा आठवा हिस्सा रुततोय असं आर्मस्ट्राँगने सांगितलं होतं. हे प्रमाणात आणलं तर जेमतेम केसाच्या जाडीइतकं खोल भरतं. थोडं वाढवून घेतलं, पण थोडंच, कारण पुढे येणाऱ्या दिव्यावर भरवसा होता.

नववीतल्या मुलांनी कागदावर आधी वाटा काढल्या. फोटो आणि नकाशे बघून ९:१२पर्यंत कोण कुठे गेलं याच्या दोन रंगांच्या रेघा : शिडीपासून पहिल्या नमुन्याची जागा, कॅमेऱ्याची फेरी, पट्टीची जागा, झेंडा. यानाच्या दक्षिणेला, मागे, काहीच नाही. हे नकाशे भिंतीवर लावले आणि कुणालाही त्यांच्याबाहेर बोट टेकवायची परवानगी नव्हती. एका मुलीने विचारलं, की झेंड्याभोवती इतके ठसे का? दांडी जमिनीत काही इंचांपलीकडे जाईना, म्हणून दोघे तिथेच घुटमळत होते. तिने मग तिथली माती जास्त तुडवली.

ठसा उमटवायला सात मिलिमीटरच्या रबरी तुकड्यावर आडव्या रेघा कोरल्या होत्या. वरचा थर ओलसर असतानाच दाबायचा, म्हणजे कड फुटत नाही. पाण्याचा फवारा मारत हातभर जागा एका वेळी.

ऊन

किटपेक्षा जास्त विचार दिव्याचा झाला. चंद्रावर हवा नाही, म्हणून आकाशातून पसरलेला उजेड नाही. एकच सूर्य, सावलीची कड जवळजवळ धारदार. अगदी धारदारही नाही, कारण सूर्याला आपला आकार आहे, अर्ध्या अंशाचा. तोच आकार दिव्याला द्यायचा, तर दीड मीटर अंतरावरून उजेड फेकणारा बिंदू १.४ सेंटीमीटरचा हवा. एका मोठ्या एलईडीपुढे तेवढं भोक पाडलेला काळा पत्रा लावला. साडेचौदा अंशांसाठी तो तळापासून ३९ सेंटीमीटर उंच. कपाटाची पूर्वेची काच खाचेतून सरकवून निघत होती, तेव्हा करवतीची अट मोडली नाही. काच काढून तिथे काळ्या कार्डबोर्डचा बोगदा जोडला आणि दिवा त्याच्या टोकाला. आतल्या बाकीच्या भिंतींना मखमल, नाहीतर काचेतून परतलेला उजेड दुसरा सूर्य होऊन बसतो.

दिवा लागला आणि विश्वस्त म्हणाले, ‘शिडीच दिसत नाही!’

बरोबर होतं. यान पूर्वेकडून आलं, शिडी पश्चिमेला, सूर्य पूर्वेला. शिडी सावलीत. आर्मस्ट्राँगही तिथे अंधारात चाचपडतच उतरला होता. पण खऱ्या फोटोंत ऑल्ड्रिन शिडीवर स्वच्छ दिसतो, कारण समोरची उन्हात न्हालेली जमीन उजेड परत फेकते. मोठ्या मैदानाचं हे काम ६८ सेंटीमीटरच्या तळाने होत नाही. एक मत होतं, की पश्चिमेच्या काचेआड छोटा दिवा लपवावा. मी विरोधात होतो. दुसरा दिवा आला की प्रत्येक दगडाला दोन सावल्या, आणि मग ऊन संपलं. त्याऐवजी सावलीच्या दोन्ही कडांना, उन्हात असलेल्या जमिनीवर, भुकटीचा एक हात किंचित फिका दिला. ही तडजोड आहे, मॅडमना तशी सांगितली, आणि त्यांनी ती माहितीच्या फलकावर लिहून टाकली. शिडी दिसू लागली, नऊच्या नऊ पायऱ्या मोजता येतील एवढी.

उजेडाचा बाकीचा फायदा फुकटात मिळाला. इतक्या तिरक्या उन्हात केसाएवढा ठसाही सावली टाकतो. पावणेचार सेंटीमीटरच्या अंतराळवीराची सावली साडेचौदा सेंटीमीटर.

कपाट चौथऱ्यावर चढवून जमीन सव्वा मीटरच्या आसपास आणली. मोठ्यांना वरून दिसतं, पण पाचवीतल्या मुलाचे डोळे बरोबर चंद्राच्या पृष्ठभागाच्या जरासे वर येतात.

पृथ्वी

राहिली पृथ्वी. क्षितिजावर ती नव्हतीच. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते, त्यामुळे चंद्रावरच्या एका जागेवरून पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी टांगलेली दिसते. ईगलच्या जागेवरून ती पश्चिमेकडे, पण ६५ अंशांहून वर. यानाचा आणि पृथ्वीचा एकत्र फोटो हवा होता तर आर्मस्ट्राँगला कॅमेरा वर करावा लागला. मागच्या पडद्यावर निळी चकती चिकटवणं म्हणजे शांतिसागर चंद्राच्या कडेला नेऊन ठेवणं.

‘मग आमच्या मुलांना पृथ्वी दिसायचीच नाही का?’

मामांनी उत्तर दिलं. ‘दिसेल की साहेब, वाकून वर बघावं लागेल.’ कपाटाच्या छताला आतून काळा कागद, त्यात योग्य जागी जेमतेम पावणेदोन सेंटीमीटरची पृथ्वी. तेवढीच दिसते ती, आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या पावणेचारपट रुंद. पूर्ण गोल नाही, अर्ध्याहून थोडी जास्त उजळलेली, कारण त्या दिवशी पृथ्वीवरून चंद्र अर्ध्याहून थोडा कमी होता. तारे एकही नाही. उन्हात उघडलेल्या कॅमेऱ्याला ते पकडता येत नाहीत, आणि ‘तारे का नाहीत’ हा प्रश्न मॅडमना मुलांनी विचारायलाच हवा होता. विश्वस्त उद्घाटनाच्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवून वाकले, वर पाहिलं, आणि मग येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाकायला लावत राहिले.

प्रदर्शनात सर्वाधिक प्रश्न पिशवीवर आले. झेंड्यावर दुसऱ्या क्रमांकाचे. लेसर परावर्तक का नाही, हे एका पालकांनी विचारलं. चंद्रयान-३वरही नासाचा छोटा परावर्तक आहे आणि २०२३च्या डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यावर लेसर मारून परतलेला उजेड टिपला, हे त्यांना माहीत होतं. त्यांना ९:१२चं घड्याळ दाखवलं. पटलं, पण समाधान झालं नाही.

शाळेने देखावा ठेवून घेतलाय आणि पुढच्या वर्षी त्यात ‘काहीतरी बदल’ हवाय. बदल पुढच्या वेळेचाच करता येईल. ठसे वाढवता येतात, पुसता येत नाहीत. परावर्तकाचं मिनिट कपाटात मावत नाही, म्हणून निक्सन यांच्या फोनचं, ९:१८चं, ठरतंय. दोघे टीव्ही कॅमेऱ्यासमोर, झेंड्याच्या बाजूला उभे. सहा मिनिटांत सूर्य हलल्याचं कुणाला कळणार नाही, दिवा जिथे आहे तिथेच राहील. थोडे ठसे वाढतील, आर्मस्ट्राँगला कॅमेऱ्यासमोर आणावं लागेल आणि ऑल्ड्रिनचा सलामाचा हात बदलावा लागेल. तो पुतळा मामांनी कोरायला घेतलाय.